इटलीच्या किनाऱ्यावर मुक्काम कुठे करायचा? आधी पायऱ्या मोजा, मग समुद्र बघा

अमाल्फी किनाऱ्यावरच्या एका गावात आम्ही संध्याकाळी पाचला बसमधून उतरलो. आई-बाबा, माझा नवरा, मी आणि चार बॅगा. खोलीच्या जाहिरातीत लिहिलं होतं: समोर समुद्र, स्वतंत्र गच्ची, बस थांब्यापासून तीन मिनिटं. ती तीन मिनिटं जिन्याची होती. दोन घरांच्या भिंतींमधून वर गेलेला, जेमतेम एक माणूस मावेल असा दगडी जिना. पहिल्या वळणावर बाबांनी भिंतीला हात टेकला. दुसऱ्या वळणावर पायरीवरच बसले आणि म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे, मी येतो सावकाश." बॅगा वर टाकून त्यांना आणायला खाली आले तेव्हा मी पायऱ्या मोजल्या. एकशे अठ्ठ्याऐंशी.

गच्चीवरून समुद्र फार सुंदर दिसायचा. पण पुढचे तीन दिवस बाबा सकाळी एकदा खाली उतरले की संध्याकाळपर्यंत वर यायला तयार नसत. आम्ही फिरून यायचो तेव्हा ते चर्चसमोरच्या बाकावर बसलेले असायचे. मला त्याचं अजून वाईट वाटतं, कारण ती चूक टाळता येण्यासारखी होती. मी फक्त समुद्र बघून खोली घेतली होती.

नंतर आम्ही आणखी तीनदा इटलीला गेलो, त्यातल्या एका खेपेला आई-बाबांना घेऊनच. आता ओळखीतलं कोणी तिकडे निघालं की मी पहिल्यांदा विचारते, स्टेशनपासून खोलीपर्यंत बॅग कशी नेणार? याचं उत्तर मिळालं की बाकीचं बरंचसं आपोआप ठरत जातं. ते ज्या क्रमाने ठरवावं, त्याच क्रमाने पुढे लिहिते आहे.

सगळ्यात आधी: किनारा उभा की सपाट?

इटलीला साडेसात हजार किलोमीटरच्या आसपास किनारा आहे. मुक्कामाच्या दृष्टीने त्याचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. काही ठिकाणी डोंगर थेट समुद्रात उतरतो. वायव्येला लिगुरियातला चिंक्वे तेर्रे आणि पोर्तोफिनोचा पट्टा, आणि नेपल्सच्या दक्षिणेचा अमाल्फी किनारा हे त्यातले प्रसिद्ध. घरं डोंगराच्या अंगावर एकावर एक रचलेली. आपण पाहतो ते बहुतेक फोटो इथलेच असतात, आणि पायऱ्याही इथेच.

दुसरीकडे जमीन सपाट येऊन पाण्याला भिडते. पूर्वेला एड्रियाटिक समुद्रावर रिमिनी, रिच्चोने, कात्तोलिका आणि पश्चिमेला टस्कनीतलं व्हियारेज्जो ही अशी गावं. हॉटेल, रस्ता, फूटपाथ आणि वाळू सगळं एका पातळीवर.

घरात कोणाचे गुडघे दुखत असतील, बाबागाडी असेल, किंवा वाळूत खेळायला सोडायची मुलं असतील तर सपाट किनाऱ्याचा विचार आधी करा. रिमिनीला डोंगरउतारावरच्या रंगीत घरांचा देखावा नाही. पण पंधरा किलोमीटरची वाळू आहे, मुलं बरीच आत गेली तरी पाणी कमरेएवढंच असतं, आणि बोलोन्याहून रेल्वेने साधारण तासाभरात पोचता येतं. तिन्ही वेळचं जेवण धरून दर सांगणारी, घरच्या माणसांनी चालवलेली हॉटेलं तिथे अजून टिकून आहेत. गावात ख्रिस्तपूर्व २७ सालची रोमन सम्राट ऑगस्टसची कमान आहे, आणि पुढचा सम्राट तिबेरिअस याच्या काळात पुरा झालेला दगडी पूल तर दोन हजार वर्षं उभा आहे. संध्याकाळी त्याच्यावरून चालताना मला ‘इथे बघायला काय आहे’ असं एकदाही वाटलं नाही.

व्हियारेज्जोचा फायदा वेगळा. पिसा आणि लुक्का दोन्ही रेल्वेने वीस-पंचवीस मिनिटांवर आहेत, आणि चिंक्वे तेर्रेला दिवसभरात जाऊन येता येतं. म्हणजे राहणं सपाटीवर आणि डोंगर बघायला एक दिवस.

कोकणात वाढलेल्यांसाठी एक गोष्ट सांगून ठेवते. आपल्याला सूर्य समुद्रात बुडताना बघायची सवय असते. एड्रियाटिकवर तो समुद्रातून उगवतो. सूर्यास्तासाठी गच्ची हवी असेल तर पश्चिम किनाऱ्यावरच घ्या, आणि तिथेही खोली कोणत्या दिशेला आहे ते विचारून घ्या. कित्येक गावं डोंगराच्या कुशीत असतात आणि ऊन दुपारीच डोंगराआड जातं.

मग: फोटोतलं गाव की शेजारचं गाव?

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे जरा थांबू.

चिंक्वे तेर्रे म्हणजे पाच गावं: मॉन्तेरोस्सो, वेर्नाझ्झा, कोर्नील्या, मानारोला आणि रिओमाज्जोरे. १९९७ पासून हा भाग युनेस्कोच्या यादीत आहे. जेनोवा ते ला स्पेत्सिया हा लोहमार्ग पाचही गावांतून जातो आणि एका गावाहून दुसऱ्या गावाला गाडीने चार-पाच मिनिटं लागतात. त्यामुळे कोणत्याही गावात राहिलात तरी बाकीची चार हाताशीच असतात. आता प्रश्न उरतो तो स्टेशनपासून घरापर्यंतच्या चढाचा.

मॉन्तेरोस्सो पाचांत सर्वांत सपाट, आणि लांब वाळूचा किनारा असलेलं एकमेव. स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं की समोर समुद्र. वयस्कर माणसं बरोबर असतील आणि पाचांपैकीच एक गाव हवं असेल, तर हेच. वेर्नाझ्झात गाडी थेट मुख्य रस्त्यावर सोडते, पण खोल्या बहुतेक त्या रस्त्याच्या दोन्ही अंगांनी वर चढणाऱ्या गल्ल्यांत असतात. मानारोला आणि रिओमाज्जोरे इथे स्टेशनातून पायी बोगद्याने गावात जायचं आणि मग चढ सुरू. कोर्नील्या मात्र समुद्रापासून उंच कड्यावर आहे. स्टेशनापासून वर जायला तेहतीस वळणांचा, पावणेचारशेच्या वर पायऱ्यांचा विटांचा जिना आहे. वर नेणारी छोटी बस असते, पण गाडी आली की सगळे तिच्याकडेच धावतात. कोर्नील्या सगळ्यांत शांत राहतं ते या जिन्यामुळे. तिशीतल्या, पाठीवर सॅक टाकून फिरणाऱ्या मुलांना मी हेच गाव सांगते.

आता शेजारची गावं. उत्तरेला लेवान्तो आणि दक्षिणेला ला स्पेत्सिया ही या गावांमधून धावणाऱ्या लोकल गाडीची दोन टोकं. लेवान्तोहून मॉन्तेरोस्सो पाच मिनिटांवर, ला स्पेत्सियाहून रिओमाज्जोरे आठ-दहा मिनिटांवर. ला स्पेत्सिया हे खरंखुरं बंदराचं शहर आहे. लिफ्टच्या इमारती आहेत, सुपरमार्केट, औषधांची दुकानं आणि मोठं स्टेशन आहे. खोल्या पाच गावांच्या मानाने बऱ्याच स्वस्त मिळतात. पण पोहायला किनारा नाही. लेवान्तोला तोही आहे. स्टेशनापासून समुद्रापर्यंत चालत पंधरा मिनिटं, सगळा रस्ता सपाट. शिवाय जुन्या लोहमार्गाच्या बोगद्यांतून बोनास्सोला आणि फ्रामुरापर्यंत सायकलचा मार्ग केला आहे. बाहेर भर ऊन असताना त्या बोगद्यात शिरल्यावर अंगावर थंडगार वारा येतो, आणि मध्येच भिंतीतल्या झरोक्यातून निळं पाणी दिसतं. कुटुंबासाठी माझं मत सरळ लेवान्तोला.

तरीही फोटोतल्या गावात राहूच नका, असं मी म्हणणार नाही. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा या गावांत पाय ठेवायला जागा नसते. सातनंतर दिवसाची गर्दी गाडीत बसून निघून जाते, धक्क्यावर गावातली मुलं पाण्यात उड्या मारायला लागतात, खिडक्यांतून ताटल्या-चमच्यांचे आवाज येतात. हे बघायला रात्रीचा मुक्कामच लागतो. पाय साथ देत असतील आणि सामान थोडं असेल तर दोन रात्री वेर्नाझ्झात काढा, बाकीच्या लेवान्तोला. मोठ्या बॅगा आधीच्या हॉटेलात ठेवता येतील का, ते विचारून ठेवा.

अमाल्फी किनाऱ्याचं गणित जास्त अवघड आहे, कारण तिथे रेल्वे जवळपास नाहीच. व्हिएत्री या एका टोकाच्या गावालाच स्टेशन आहे. पोझितानो, प्रायानो, अमाल्फी, मिनोरी, मायोरी ही सगळी एका नागमोडी रस्त्याला बांधलेली. त्या रस्त्यावरून बस जाते, आणि उन्हाळ्यात ती थांब्यावर येण्याआधीच भरलेली असते. समोरून दुसरी मोठी गाडी आली की दोघींपैकी एकीला मागे घ्यावं लागतं. गर्दीच्या दिवसांत बाहेरच्या गाड्यांना नंबर प्लेटच्या शेवटच्या आकड्यानुसार आळीपाळीने सोडण्याचा नियमही असतो. म्हणून भाड्याची गाडी घेऊन इथे राहायचा बेत करू नका. पार्किंगचा दर ऐकूनच घशाला कोरड पडते.

बहुतेक लोक सोरेन्तोला उतरतात. नेपल्सहून लोकलने सव्वा तासाच्या आत पोचता येतं, वाटेत पोंपेईचं स्टेशन लागतं, काप्री बेटाच्या बोटीही तिथून सुटतात. पोंपेई आणि काप्री हेच मुख्य असेल तर सोरेन्तो उत्तम. पण सोरेन्तो अमाल्फी किनाऱ्यावर नाही, डोंगराच्या पलीकडच्या अंगाला आहे. अमाल्फीला जायचं तर तोच भरलेला बसचा प्रवास आला. शिवाय गाव कड्यावर आणि बंदर खाली. मधली लिफ्ट तिकीट काढून वापरावी लागते.

माझी पसंती सालेर्नोला. रोमहून वेगवान गाडी दोन तासांच्या आसपास घेते. स्टेशनापासून पाच-दहा मिनिटं सपाट रस्त्याने चाललं की काँकोर्दिया चौकातला धक्का येतो. तिथून बोटीने अमाल्फी अर्ध्या-पाऊण तासावर आणि पोझितानो साधारण सव्वा तासावर. रस्त्यावरच्या गर्दीशी संबंधच येत नाही, आणि पाण्यावरून येताना तो सगळा डोंगर जसा दिसतो तसा बसच्या खिडकीतून दिसत नाही. दुसऱ्या खेपेला आई-बाबांना आम्ही इथेच ठेवलं. समुद्राकाठचा झाडीचा लांबलचक रस्ता, दर थोड्या अंतरावर बाक. बाबा सकाळी एकटे खाली उतरून फेरी मारून यायचे आणि कोपऱ्यावरच्या बारमध्ये उभ्याने कॉफी घ्यायचे. तिसऱ्या दिवशी बारवाल्याने त्यांना न विचारता दूध जास्त घालून दिलं, हे ते आजही सांगतात.

किनाऱ्यावरच राहायचं असेल तर मायोरी बघा. १९५४ च्या ऑक्टोबरमधल्या महापुरात या गावाची फार हानी झाली आणि नंतर ते बरंचसं नव्याने बांधलं गेलं. त्यामुळे इथे रुंद सपाट रस्ता आहे, लिफ्टच्या इमारती आहेत, आणि या भागातला सगळ्यात लांब किनाराही. फोटो काढणारे याला देखणं म्हणत नाहीत. राहणाऱ्याला ते सोयीचं पडतं. याच भागातलं राव्हेल्लो गाव साडेतीनशे मीटर उंचीवर आहे. बागा आणि संगीत महोत्सव अप्रतिम, पण समुद्रात डुंबायला तिथून रोज खाली-वर करावं लागेल.

दक्षिणेकडचं थोडक्यात. पुल्यामध्ये पोलिन्यानो आ मारेचे फोटो सगळीकडे दिसतात. राहायला मी त्याच लोहमार्गावरचं पुढचं मोनोपोली घेईन. जुनं गाव सपाट आहे, कोळ्यांचं बंदर आहे, आणि बारीहून पाऊण तासाच्या आत येता येतं. सिसिलीत चेफालू, कारण पालेर्मोहून रेल्वेने साधारण तासाभरात पोचता येतं आणि वाळूचा किनारा जुन्या गावाला लागूनच आहे. ताओर्मिना दोनशे मीटर वर आणि त्याचं स्टेशन खाली समुद्राशी. तिथे मुलांना घेऊन जाणार असाल तर खालच्या जार्दिनी नाक्सोसला उतरा आणि एका संध्याकाळी वर जाऊन या. सार्डिनियाला गाडी चालवायची तयारी असेल तरच जा. तिथे खरा समुद्र गावांपासून लांब, मातीच्या रस्त्यांच्या शेवटी असतो.

महिना ठरला की अर्ध्या खोल्या आपोआप गळतात

ऑगस्ट टाळा. १५ ऑगस्टला तिकडे फेर्रागोस्तोचा सण असतो. त्याच्या मागेपुढे सारी इटली समुद्रावर असते, आणि बरीच हॉटेलं सात रात्रींपेक्षा कमी द्यायला तयार नसतात. मे महिन्यात हवा छान पण पाणी गार. जूनचा पहिला पंधरवडा आणि सप्टेंबर हे उत्तम. सप्टेंबरमध्ये पाणी उन्हाळाभर तापलेलं असतं आणि मुलांच्या शाळा सुरू झाल्यामुळे गर्दी ओसरते.

ऑक्टोबरअखेर लिगुरियात मोठे पाऊस येऊ शकतात. २०११ च्या २५ ऑक्टोबरला वेर्नाझ्झा आणि मॉन्तेरोस्सो चिखलाखाली गेली होती. नोव्हेंबर ते मार्च पोझितानोसारख्या गावांत बहुतेक हॉटेलं बंद असतात आणि बोटीही. दिवाळीच्या सुट्टीत जाणार असाल तर बोटींवर विसंबून मुक्काम ठरवू नका. सालेर्नो, बारी, पालेर्मो, कातानिया अशी बारमाही शहरं घ्या.

खोलीची जाहिरात कशी वाचायची

जाहिरातीतले काही इटालियन शब्द ओळखीचे करून घ्या. ‘विस्ता मारे’ म्हणजे समुद्र दिसतो. केवढा, ते सांगितलेलं नसतं. ‘फ्रोन्ते मारे’ म्हणजे इमारत समुद्राला तोंड करून आहे. ‘विस्ता मारे लातेराले’ म्हणजे गॅलरीच्या कठड्यावरून मान वळवली की बाजूला निळी पट्टी. ‘आशेन्सोरे’ म्हणजे लिफ्ट. ‘प्रिमो पियानो’ म्हणजे आपल्यासारखाच तळमजल्यावरचा पहिला मजला. ‘मात्रिमोनियाले’ म्हणजे एक मोठा पलंग. मित्र किंवा भावंडं असाल तर दोन वेगळे पलंग हवेत असं आवर्जून लिहा. ‘आंगोलो कोत्तूरा’ म्हणजे खोलीतला स्वयंपाकाचा ओटा. ‘आरिया कोंदित्सियोनाता’ म्हणजे एसी. जुलै-ऑगस्टमध्ये तो नसलेली खोली घेऊ नका आणि त्याचे वेगळे पैसे पडतात का ते पाहा. ‘झांझारिएरे’ म्हणजे डासांच्या जाळ्या, कारण डास तिथेही आहेत. बाथरूमबद्दल निश्चिंत राहा. १९७५ पासून तिथे प्रत्येक घराच्या एका बाथरूममध्ये तरी बिदे, म्हणजे शौचानंतर धुण्यासाठीचं नळाचं बसकं भांडं, असणं कायद्याने बंधनकारक आहे. पाण्याची सवय असलेल्या आपल्या लोकांना युरोपात सगळ्यात कमी अडचण इटलीत येते, ती यामुळे.

जाहिरात बाजूला ठेवून नकाशा उघडा. मी हे असं करते. घराचा नेमका पत्ता टाकते, स्टेशन किंवा धक्का ते घर हा पायी रस्ता काढते, आणि त्यात चढ किती मीटरचा दाखवतात ते बघते. तीनशे मीटर चालण्यात साठ मीटर चढ असेल तर तिथे जिना आहे, दुसरं काही असू शकत नाही. मग रस्त्याचे फोटो उघडून माउसने घरापर्यंत चालत जाते. फोटो जिथे संपतात तिथे गाड्यांचा रस्ता संपतो. तिथून पुढे बॅग हातात. शेवटी आधी राहून गेलेल्यांचे अभिप्राय उघडून त्यात ‘पायऱ्या’ हा शब्द शोधते, इंग्रजीतही आणि इटालियनमध्येही: ‘ग्रादीनी’, ‘स्काले’. पाच गुणांचे अभिप्राय वाचून फारसं कळत नाही. तीन गुण देणारी माणसं कामाचं लिहितात.

आणखी दोन गोष्टी बघा. घर लोहमार्गाला लागून आहे का? लिगुरियात रूळ पुष्कळ ठिकाणी समुद्राच्या अगदी काठाने जातात आणि रात्रीही गाड्या जातात. आणि चर्चच्या घंटेच्या किती जवळ? काही गावांत ती रात्रीही दर तासाला वाजते.

समोरचा किनारा आपला असतोच असं नाही

‘समुद्रापासून पन्नास मीटर’ असं वाचून वाळूत चादर पसरायची स्वप्नं बघू नका. इटलीत किनाऱ्याचे मोठमोठे पट्टे खासगी चालकांना दिलेले असतात. त्यांना लिदो किंवा बान्यो म्हणतात. छत्री आणि दोन आरामखुर्च्या असा दिवसाचा दर असतो. पुढच्या ओळीत जास्त, मागच्या ओळीत कमी. फुकटचा किनारा म्हणजे ‘स्पियाज्जा लिबेरा’. तो कधी मोठा असतो, कधी दोन बान्योंच्या मधला चिंचोळा तुकडा. पाण्यालगतच्या पट्ट्यातून चालायला आणि पाण्यात उतरायला मात्र कोणी अडवू शकत नाही. हॉटेल घेताना विचारा, एखाद्या बान्योशी तुमचा करार आहे का आणि छत्री भाड्यात धरली आहे का? चार जणांच्या कुटुंबाला पाच दिवसांत हा फरक चांगलाच जाणवतो. पोलिन्यानो आणि अमाल्फी भागात वाळूऐवजी गोटे असतात, तेव्हा पाण्यात घालायच्या चपला भारतातूनच घेऊन जा.

शाकाहारी असाल तर ओटा असलेली खोली घ्या

बाहेर काही मिळत नाही म्हणून सांगत नाहीये. उलट, लिगुरियात बेसन खाल्लं जातं. फारिनाता म्हणजे हरभऱ्याचं पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्ह तेल. तांब्याच्या मोठ्या थाळ्यात ओतून लाकडाच्या भट्टीत भाजतात. वरून खरपूस, आत मऊ. पानिस्सा तर आपल्या पाटवडीची बहीणच. बेसन शिजवून थापायचं, थंड झालं की कापायचं आणि तळायचं. आईने पहिला घास घेतला आणि म्हणाली, "फोडणी विसरलेत बिचारे." पुल्यात फावा नावाच्या वालासारख्या कडधान्याचं वरण आणि कडसर पालेभाजी असं ताटात मिळतं, तेही पोटभर.

अडचण वेळेची आहे. दुपारी अडीचला स्वयंपाकघरं बंद होतात आणि संध्याकाळी साडेसातच्या आधी उघडत नाहीत. लहान मुलं आणि मधुमेह असलेली माणसं तोवर थांबू शकत नाहीत. ओटा असेल तर वरण-भात होतो. चहाही होतो. एरवी खोल्यांत किटली असेलच असं नाही. भाज्यांच्या सॉसमध्ये अँचोव्ही मासे घालण्याची पद्धत दक्षिणेत बरीच आहे, तेव्हा ‘सेंत्सा कार्ने, सेंत्सा पेशे’ एवढं तरी म्हणायला शिका. जैन पद्धतीने जेवणाऱ्यांनी ओट्याशिवाय खोली घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

बुकिंग, व्हिसा आणि कागद

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो आणि अर्जाबरोबर प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचा पुरावा द्यावा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. किमान पंधरा दिवस आधी तो गेलाच पाहिजे, पण शेवटपर्यंत थांबू नका. म्हणून पहिलं बुकिंग फुकट रद्द करता येणारंच करा, बरोबरच्या सगळ्यांची नावं पासपोर्टप्रमाणे त्यात येऊ द्या आणि तारखांमध्ये एकही रात्र मोकळी सोडू नका. व्हिसा हातात आला की मग हवी तर खोली बदला.

घर भाड्याने घेत असाल तर जाहिरातीत ‘चिन’ (CIN) नावाचा राष्ट्रीय नोंदणी क्रमांक आहे का बघा. १ जानेवारी २०२५ पासून तो सक्तीचा आहे. जाहिरातीतही द्यावा लागतो आणि इमारतीच्या बाहेरही लावावा लागतो. तो नसेल तर पुढे जाऊ नका. पाहुण्यांची नोंद पोलिसांकडे करणं घरमालकाला बंधनकारक असतं, म्हणून पासपोर्ट मागितला तर बिचकू नका. पण एखाद्याने बुकिंगच्या साइटबाहेर परस्पर पैसे पाठवायला सांगितलं तर तिथेच नमस्कार करा.

भाड्याशिवाय ‘तास्सा दि सोज्जोर्नो’ म्हणजे मुक्काम कर असतो. दरडोई, दर रात्री. दर गावागणिक वेगळा, लहान मुलांना बहुतेक ठिकाणी सूट. तो बहुतेक वेळा बुकिंगच्या रकमेत नसतो, तिथे गेल्यावर द्यावा लागतो, तेव्हा सुटे युरो बाजूला ठेवा. छोट्या ठिकाणी स्वागतकक्ष रात्री बंद असतो. विमान रात्री उतरणार असेल तर चावी कशी मिळणार, हे लेखी विचारून घ्या.

रात्री कशा वाटायच्या

दर दोन दिवसांनी बॅग भरायची असेल तर समुद्राचा अर्थ राहत नाही. किनाऱ्यावर आठ रात्री असतील तर दोनच ठिकाणं घ्या, पाच आणि तीन अशी. आणि परतीच्या विमानाआधीची रात्र किनाऱ्यावर काढू नका. इटलीत रेल्वेचे संप आधी जाहीर होऊन होतात. कामाच्या दिवशी सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ या वेळात लोकल गाड्या ठरलेल्या प्रमाणात सोडतात, पण तुमचं विमान त्या वेळा बघून ठरलेलं नसतं. समुद्र खवळला तर बोटीही रद्द होतात. शेवटची रात्र रोम, नेपल्स किंवा बारीत, स्टेशनाजवळ.

पैसे भरण्याआधी घरमालकाला एक निरोप पाठवायचा. मी तो इटालियनमध्येच पाठवते, कारण इंग्रजीत विचारलं की गोड उत्तर येतं आणि इटालियनमध्ये विचारलं की आकडा येतो: ‘क्वान्ती ग्रादीनी चि सोनो दाल्ला स्त्रादा फिनो आल्ला कामेरा? चे लाशेन्सोरे?’ रस्त्यापासून खोलीपर्यंत पायऱ्या किती, लिफ्ट आहे का? उत्तरात ‘पोकी’ म्हणजे ‘थोड्याच’ असं आलं, तर किती थोड्या ते पुन्हा विचारा. लेवान्तोच्या बाईंनी लिहिलं होतं, चौदा. बाबांनी पोचल्या पोचल्या स्वतः मोजल्या. चौदाच भरल्या.